चित्र भिंतीवर, शब्द आसनावर

कार्तिक शुद्ध एकादशीला संत नामदेवांची जयंती येते आणि चार दिवसांनी, पौर्णिमेला, गुरू नानकदेवांचे प्रकाशपर्व. पंढरीची कार्तिकी आटोपून वारकरी गावाकडे परततात, त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळा उजळतात आणि नांदेडपासून मुंबईच्या शीव-कोळीवाड्यापर्यंत प्रभातफेऱ्यांचे शबद कानावर येतात. या दिवशी वर्तमानपत्रांतून, चौकातल्या फलकांवरून आणि मोबाइलवरच्या शुभेच्छांमधून एकच चेहरा सगळीकडे भेटतो. पांढरीशुभ्र दाढी, अर्धवट मिटलेले शांत डोळे, आशीर्वादासाठी उचललेला तळहात. नानक म्हटले की बहुतेकांच्या मनात हेच रूप उभे राहते. आणि तरीही ज्या परंपरेचे ते आद्य गुरू, तिच्या उपासनेच्या केंद्रस्थानी मूर्ती नाही, तसबीरही नाही. मग पवित्र प्रतिमेला शीख साधनेत नेमकी जागा कोणती? प्रकाशपर्वाच्या निमित्ताने या प्रश्नाचा नीट विचार व्हायला हवा. कारण त्याच्या उत्तरात नानकांच्या शिकवणुकीचा गाभा आहे.

उत्तराची सुरुवात गुरुद्वाऱ्याच्या मांडणीतच सापडते. दरबारात पाऊल टाकले की समोर चांदव्याखाली, पालकीत, रुमाल्यांनी झाकलेला ग्रंथ दिसतो. मागे बसलेले ग्रंथी चवरी ढाळत असतात, बाजूला रागी जत्था कीर्तन करत असतो. येणारा प्रत्येक जण तिथेच माथा टेकतो, अन्यत्र कुठे नाही. गुरूंची, साहिबजाद्यांची, शहिदांची चित्रे असतात. पण ती बहुधा लंगरच्या दालनात, जिन्यात, कार्यालयात किंवा संग्रहालयात. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये संमत केलेल्या 'सिख रहित मर्यादा' या आचारसंहितेत हे स्पष्टच आहे. गुरुद्वाऱ्यात मूर्ती बसवणे आणि गुरूंच्या चित्रांपुढे माथा टेकणे या दोन्ही गोष्टी तिने मनमत, म्हणजे गुरूच्या शिकवणुकीला सोडून केलेले वर्तन, ठरवल्या आहेत. तिने चित्र काढायला किंवा घरात लावायला बंदी केलेली नाही. चित्राला नमस्काराचे स्थान मात्र दिलेले नाही. चित्र भिंतीवर आणि शब्द आसनावर, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी नंतरच्या कोणा समितीने शोधून काढलेली नाही. तिचे मूळ खुद्द नानकांच्या वाणीत आहे. जगन्नाथपुरीच्या मंदिरातल्या संध्याकाळच्या आरतीची कथा जनमसाखीकार, म्हणजे नानकांच्या जीवनकथा लिहिणारे, सांगतात. तबकात दिवे लावून आरती चालू असताना नानक बाहेर थांबले आणि विचारल्यावर त्यांनी आपली आरती गायली. धनासरी रागातल्या त्या पदात आकाश हेच तबक आहे, सूर्य-चंद्र हे दिवे, तारे हे मोती आणि वाऱ्याने दरवळणारा चंदनवनाचा सुगंध हाच धूप. या पदात मूर्तिपूजकाचा उपहास कुठेही नाही. जे देवळात चालले आहे तेच अखंड विश्वात आपोआप चालले आहे, हे कवी दाखवतो आणि ऐकणाऱ्याची नजर चार भिंतींच्या बाहेर नेतो. त्याच पदात परमेश्वराला हजारो डोळे आहेत आणि एकही डोळा नाही, असा भाव येतो. रूपाचा स्वीकार आणि रूपाचा निरोप एकाच दमात.

म्हणूनच नानकांच्या काव्यात रूप नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. वडहंस रागातल्या एका पदात त्यांनी त्या अकालपुरुषाचे डोळे, दात, नाक, लांब केस आणि चाल यांचे वर्णन एखाद्या प्रेयसीने करावे तितक्या उत्कटतेने केले आहे. तुखारी रागातल्या बारामाह्यात पंजाबचे ऋतू, मोर, कोकिळा आणि अंगणात वाट पाहणारी स्त्री आहे. निर्गुणाचा उपासक इतकी रूपे कशाला रेखाटतो? कारण शब्दाने काढलेले चित्र ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहते आणि पुढच्या कडव्याला विरघळते. ते कुणाला मखरात बसवता येत नाही, त्याचा कुणी पुजारी होऊ शकत नाही, त्याच्या दर्शनासाठी जात आणि पैसा विचारता येत नाही. प्रतिमा हवी, पण तिचा मालक नको, अशी ही योजना आहे.

शीख ध्यानाचे स्वरूपही यातूनच ठरते. 'सिध गोसटि' या दीर्घ रचनेत योगी नानकांना विचारतात, तुझा गुरू कोण आणि तू कुणाचा चेला? शब्द हा गुरू आणि त्या शब्दात रंगलेली सुरत, म्हणजे जागे चित्त, हा चेला, या आशयाचे उत्तर नानक देतात. ध्यानाचे आलंबन इथे डोळ्यांपुढून उचलून कानांत आणि तिथून चित्तात नेले आहे. अमृतवेळेला, म्हणजे पहाटेच्या शांत प्रहरी, जपुजीचा पाठ करायचा. नामाचे सिमरन करायचे. संगतीत बसून रागदारीत बांधलेले शबद ऐकायचे. गुरू ग्रंथ साहिबाची रचना विषयवार किंवा कालक्रमाने न करता प्रामुख्याने रागांनुसार केलेली आहे, यामागेही हीच दृष्टी आहे. नानक देशोदेशी हिंडले तेव्हा मूर्तिकार किंवा चितारी त्यांच्या सोबत नव्हता; सोबत होता रबाब वाजवणारा भाई मरदाना.

गुरूची मूर्ती मनात धरावी, असे सांगणारे वचनही ग्रंथात आहेच. गोंड रागातल्या एका पदात पाचवे गुरू अर्जनदेव तसा उपदेश करतात आणि चित्रापुढे ध्यान लावणारे भाविक या पदाचा आधार घेतात. पण त्याच पदात, त्याच ओघात, गुरूच्या शब्दाला मंत्र मानायला सांगितले आहे. आणि ज्यांच्या हातून आदिग्रंथाची पहिली प्रत लिहून झाली, त्या भाई गुरदासांनी आपल्या एका वारेत या प्रश्नाचा निकालच लावला आहे. गुरूची मूर्ती म्हणजे गुरूचा शब्द आणि त्याचे दर्शन घडते साधूंच्या संगतीत, असे ते सांगतात. मूर्तीची ओढ त्यांनी नाकारली नाही. तिला तिचे खरे ठिकाण दाखवून दिले.

अरदास, म्हणजे संगतीची सामूहिक प्रार्थना, ऐकली की शब्दातून प्रतिमा उभी करण्याच्या या पद्धतीची ताकद कळते. सगळी संगत हात जोडून उभी असते आणि एक जण दहा गुरूंचे, पंजप्यारे आणि चार साहिबजाद्यांचे, धर्मासाठी मस्तक देणाऱ्यांचे, सांध्यासांध्यांतून कापल्या गेलेल्यांचे, चाकांवर चढवलेल्यांचे आणि करवतीने चिरल्या गेलेल्यांचे स्मरण करत जातो. प्रत्येक स्मरणानंतर 'वाहेगुरू'चा उच्चार होतो. भाई मनी सिंग, भाई तारू सिंग, भाई मती दास यांचे बलिदान या शब्दांनी रोज डोळ्यांपुढे येते. अमृतसरच्या केंद्रीय शीख संग्रहालयात चित्रकार कृपाल सिंग यांनी हेच प्रसंग मोठाल्या चित्रांत रंगवले आहेत आणि ती चित्रे पाहताना पाहणारा हेलावतो. पण अरदाशीतले स्मरण रोजचे आहे, सगळ्यांनी मिळून करायचे आहे आणि ते उभे राहून, जबाबदारी घेतल्यासारखे करायचे आहे. चित्र हे या स्मरणाचे सोबती आहे, त्याचा पर्याय नाही.

आणखी एक कारण शीख गुरुपरंपरेच्या घडणीतच आहे. १५३९ मध्ये नानकांनी आपल्या मुलांना बाजूला ठेवून भाई लहणा यांना गादी दिली आणि त्यांचे नाव अंगद ठेवले. ज्योत तीच, देह फक्त बदलला, असा भाव सत्ता आणि बलवंड या कीर्तनकारांच्या वारेत आहे. पुढच्या गुरूंची जी पदे ग्रंथात आहेत, त्यांच्या शेवटीही नाममुद्रा 'नानक' हीच येते. कोणते पद कोणाचे हे महल्ल्याच्या, म्हणजे गुरुक्रमाच्या, आकड्यावरून ओळखायचे. ज्या परंपरेत गुरुत्व एका देहातून दुसऱ्यात वाहत जाते, तिथे एका चेहऱ्याला चिकटून बसण्यात अर्थ उरत नाही. करतारपूरची कथाही तेच सांगते. नानकांच्या निधनानंतर हिंदूंना दहन करायचे होते आणि मुसलमानांना दफन. चादर उचलली तर खाली फुलेच उरली होती. श्रद्धेची ही कथा म्हणून ऐकली तरी तिचा रोख स्पष्ट आहे. पूजेसाठी देह मागे ठेवायचा नाही, हा निर्णयच जणू तीत सांगितलेला आहे.

मग चित्रे आली कुठून? ती आली प्रेमातून आणि गोष्ट सांगण्याच्या गरजेतून. नानकांच्या हयातीत काढलेले खात्रीचे चित्र उपलब्ध नाही. पुढे त्यांच्या जीवनकथा, म्हणजे जनमसाख्या, लिहिल्या गेल्या आणि त्यांच्या हस्तलिखितांत प्रसंगचित्रे रंगवली जाऊ लागली. १७३३ ची 'बी-४०' नावाने ओळखली जाणारी जनमसाखी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिची चित्रे आलमचंद नावाच्या कारागिराने काढलेली आहेत. त्यांत नानक कधी झाडाखाली बसलेले, कधी फकिरांशी बोलत असलेले, कधी मरदान्याचा रबाब ऐकत असलेले दिसतात. त्यांचा पेहराव एका धर्माचा नाही आणि चेहराही एका साच्यातला नाही. ही चित्रे पाहायची असतात ती मजकुराबरोबर, पान उलटता उलटता. पहाडी शैलीच्या चितारींनी नंतर गुरूंना आपल्या नाजूक रेषेत रंगवले. एकोणिसाव्या शतकात लाहोरच्या बाजारात लाकडी ठशांवरून छापलेली स्वस्त चित्रे आली आणि बाला-मरदान्यासह बसलेले नानक सामान्य घरांतून पोहोचले. आपल्याकडे राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने देवदेवतांना घराघरांत नेले, त्याच काळातली ही घडामोड आहे.

भिंतीही रंगत होत्या. हरमंदिर साहिबाच्या भिंतींवरची मोहराकशी, संगमरवरात रंगीत दगड बसवण्याचे जडतकाम आणि सोन्याचा मुलामा यांत प्रामुख्याने वेली, फुले, पक्षी आणि नक्षी आहे. ग्यान सिंग नक्काश यांच्यासारख्या कलावंतांनी आयुष्याची कैक वर्षे या कामाला वाहिली. जवळच्या बाबा अटल गुरुद्वाऱ्यात मात्र नानकांचे सबंध चरित्र भित्तिचित्रांत रंगवलेले आहे. म्हणजे गर्भस्थानी नक्षी आणि शब्द, तर बाजूच्या मनोऱ्यात कथा आणि चित्र. कलावंतांनाही कोणत्या प्रतिमेला कुठे बसवायचे याची समज होती.

ती समज मधल्या काळात धूसर झाली. अठराव्या शतकातल्या छळाच्या काळात खालसा रानावनांत लपून होता आणि अनेक गुरुद्वाऱ्यांची देखभाल उदासी व निर्मळे साधूंकडे गेली. पुढे वंशपरंपरेने महंत बसले, गुरुद्वाऱ्यांच्या आवारात मूर्ती आल्या आणि त्यांच्याबरोबर दक्षिणाही आली. १८७३ पासून सुरू झालेल्या सिंग सभेच्या चळवळीने याविरुद्ध आवाज उठवला. १९०५ मध्ये हरमंदिराच्या परिक्रमेतून मूर्ती हटवण्यात आल्या, १९२० मध्ये शिरोमणी समिती स्थापन झाली आणि अनेकांच्या बलिदानानंतर १९२५ चा गुरुद्वारा कायदा झाला. मूर्ती हटवण्याला त्या वेळी विरोधही झाला. वर्षानुवर्षे तिथे हात जोडणाऱ्यांची मने दुखावली, हे विसरता कामा नये. पण सुधारकांचे भांडण दगडाशी नव्हते. देवस्थान कुणाची जहागीर होऊ द्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता आणि तो नानकांच्या शिकवणुकीला धरूनच होता.

आज ज्या चेहऱ्याने नानक ओळखले जातात, तो आला १९६९ मध्ये. पाचशेव्या जयंतीच्या वर्षी कांगडा खोऱ्यातल्या अंद्रेट्याला राहणारे चित्रकार शोभा सिंग यांनी तो रंगवला आणि छपाईने तो जगभर नेला. ट्रकच्या काचेपासून परदेशातल्या शीख घरांच्या दिवाणखान्यापर्यंत त्याने असंख्य माणसांना धीर दिला आहे. रात्रपाळीचा चालक गाडी सुरू करण्याआधी त्या चित्राकडे पाहून वाहेगुरू म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात उमटणारी भक्ती खरीच असते. तिच्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. हे चित्र सुंदर आहे, पण ते पुरेसे नाही.

या चित्रातले नानक नेहमी शांत आहेत. वाणीतले नानक तसे नेहमी नाहीत. बाबराच्या स्वारीत सैदपूरची कत्तल झाली, स्त्रियांची विटंबना झाली, तेव्हा नानकांनी बाबराच्या फौजेला पापाची वरात म्हटले आणि इतका आक्रोश झाला तरी तुला कळवळा आला नाही का, असे परमेश्वरालाच विचारले. त्यांनी लाच खाणारे काझी, भोंदू पंडित आणि संसार टाकून भिक्षेवर जगणारे योगी यांना फटकारले. जिच्या पोटी राजे जन्मतात त्या स्त्रीला हलके का लेखता, हा त्यांचा सवाल 'आसा दी वार'मध्ये आहे. सुलतानपूर लोधीच्या कोठारात धान्य मोजणारे आणि करतारपूरला नांगर धरणारे नानक हे काम करणारे गृहस्थ होते. हा संताप, ही कणव, हे कष्ट कॅलेंडरवरच्या चेहऱ्यात मावत नाहीत. चित्र आपल्याला शांत करते. शबद आपल्याला शांत करतो आणि अस्वस्थही करतो. चित्राकडे पाहताना गुरू कसे होते, एवढे कळते. शबद ऐकताना मी कसा आहे, हे विचारले जाते. शीख परंपरेने शब्दाला आसनावर बसवले, त्याचे सर्वांत मोठे कारण आमच्या मते हेच आहे.

इथे एक प्रामाणिक शंका विचारली जाते. ग्रंथाला पालकी, चवरी, रुमाले, पहाटे प्रकाश आणि रात्री सुखासन असे राजोपचार होतात. मग ग्रंथ ही मूर्तीच नव्हे का? शंका टाळण्यासारखी नाही. ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेडला दहावे गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथाला गुरुपद दिले. तेव्हापासून तो जिवंत गुरू मानला जातो आणि गुरूचा मान त्याला मिळतो. पण हा मान रुमाला बाजूला सारल्यावर सुरू होतो. रोज ग्रंथ उघडतात, जे पद समोर येईल ते हुकुमनामा म्हणून मोठ्याने वाचतात आणि त्या दिवसाचा आदेश म्हणून घरी नेतात. हे वाचन स्त्री किंवा पुरुष, कोणत्याही जातीत जन्मलेला शीख करू शकतो. उपचार करणाऱ्याला मूर्ती उत्तर देत नाही. ग्रंथ रोज काहीतरी सांगतो आणि ते कधी गैरसोयीचेही असते. ग्रंथाच्या १४३० पानांना उत्तम वस्त्रांत गुंडाळून कधीच उघडले नाही, तर मात्र त्याचीही मूर्ती होईल. हा धोका शीख विचारवंतांनीही वेळोवेळी बोलून दाखवला आहे, आणि त्यावरचा उपाय एकच: वाचणे, समजणे, वागणे.

महाराष्ट्राला या विषयाकडे परक्यासारखे पाहता येणार नाही. गोदावरीच्या काठी रणजितसिंगांनी उभारलेले तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे आणि तिथली मर्यादा स्वतःची आहे. तिथे गोदावरीचे पाणी रोज समारंभाने आणले जाते, दशमेशांच्या, म्हणजे दहाव्या गुरूंच्या, शस्त्रांचे दर्शन दिले जाते आणि संध्याकाळी दिवे ओवाळून आरती होते. नानकांनी ज्या पदात आकाशाचे तबक केले, तेच पद इथे हातात तबक घेऊन गायले जाते. पंजाबातल्या अनेकांना ही रीत वेगळी वाटते. आम्हाला यात परंपरेचे मोठे मन दिसते. शस्त्र, वस्त्र, पंजासाहिबच्या खडकावरची हाताची खूण, निशाण साहिब या सर्व पवित्र वस्तू भक्ताला गुरूंच्या जवळ नेतात. फक्त त्यांतल्या एकीलाही गुरूच्या आसनावर बसवलेले नाही, आणि या एका गोष्टीवर अमृतसर आणि नांदेड यांच्यात दुमत नाही.

आणि आपले नामदेव तर या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना उभे आहेत. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात वाटीतल्या दुधाची ती लाडकी कथा आहे. नामा नैवेद्य दाखवतो आणि देव खरोखरच दूध पितो. दुसऱ्या एका पदात तेच नामदेव विचारतात की एका दगडावर पाय द्यायचा आणि दुसऱ्याला देव म्हणायचे, हे कसे? अर्जनदेवांनी १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध करताना दोन्ही पदे ठेवली, एकाने दुसरे खोडले नाही. ही ठेवण मोलाची आहे. ज्याला मूर्तीत देव भेटला, त्यालाच पुढे सर्वत्र देव दिसला आणि मग मूर्तीपुरता तो मर्यादित ठेवणे त्याला अशक्य झाले. विठ्ठलावर रुसणारा, त्याच्याशी भांडणारा शिंप्याचा हा पोर पंजाबात घुमानला पोहोचला तो मूर्तीचा द्वेष घेऊन नव्हे, तिच्या प्रेमातून मोठा होऊन. २०१५ मध्ये त्याच घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हे नाते आपण पुन्हा उजळले होते. वारकरी भजनातही आधी रूपाचे अभंग येतात आणि मग नामाचा गजर चढत जातो. रूप आणि नाम यांची ही वाट दोन्ही परंपरांना ठाऊक आहे. वारकऱ्याने रूपाला विटेवर उभे ठेवले, शिखाने ते शब्दात साठवले, एवढाच फरक.

आजच्या घडीला ही समज अधिक निकडीची आहे. चित्रपटात गुरूंची भूमिका नटाने करू नये, असा शीख पंथाचा आग्रह आहे. 'नानक शाह फकीर' या चित्रपटावरून २०१५ आणि २०१८ मध्ये झालेला वाद अनेकांना आठवत असेल. बाहेरच्यांना तो अतिसंवेदनशीलपणा वाटला. पण पडद्यावरचा चेहरा मनात बसला की वाणी वाचतानाही तोच आठवतो, ही भीती निराधार नाही. आता तर संगणक क्षणात हवा तो चेहरा आणि हवा तो आवाज घडवून देतो. गुरूंच्या तोंडी न उच्चारलेले शब्द घालणे कुणालाही सोपे झाले आहे. अशा वेळी बंदी आणि निषेध यांनी फार काही साधणार नाही. मूळ वाणी ज्याच्या कानात पक्की आहे, त्यालाच खोटी प्रतिमा ओळखता येईल.

दुसरीकडे, चित्राला पूज्य मानायचे नाही म्हणून त्याची हेळसांड करायची, हेही चूक आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात पंजाबातल्या कितीतरी जुन्या वास्तूंची भित्तिचित्रे चुन्याखाली आणि संगमरवराखाली गेली. ज्या कारागिरांनी त्या भिंती रंगवल्या त्यांचीही ती सेवाच होती. पूजा न करताही जपता येते. किंबहुना पूजेच्या बाहेर ठेवलेल्या कलेकडेच मोकळेपणाने पाहता येते, तिच्यातून इतिहास वाचता येतो. जनमसाखीतला अनेक पेहरावांचा नानक आणि कॅलेंडरवरचा एकाच साच्याचा नानक शेजारी ठेवून मुलांना दाखवले, तर एका चेहऱ्यात गुरू संपत नाही, हे त्यांना आपसूक समजेल.

शेवटी गुरूची प्रतिमा कुठे शोधायची, याचे शीख परंपरेने दिलेले तिसरे उत्तरही आहे. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूरमध्ये गोविंदसिंगांनी पाच जणांना अमृत दिले आणि मग त्यांच्याचपुढे हात जोडून स्वतः अमृत घेतले. खालसा हेच गुरूचे रूप, ही श्रद्धा तिथून दृढ झाली. म्हणजे शब्दाप्रमाणे जगणारी माणसे हीच गुरूची चालती-बोलती मूर्ती. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्ली परिसरात गुरुद्वाऱ्यांनी प्राणवायूचे लंगर लावले. तिथे आलेल्या कुणाला जात, धर्म विचारला गेला नाही. सगळे हताश झाले असताना या देशाने नानकांचे जे रूप पाहिले, ते कोणत्याही चित्रकाराला रंगवता आले नसते.

म्हणून आजच्या दिवशी नानकांच्या तसबिरीला हार जरूर घालावा, पण तेवढ्यावर दिवस संपवू नये. जवळच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन एक शबद अर्थासह ऐकावा. विनोबांनी जपुजीवर केलेले भाष्य मिळवून वाचावे. लंगरच्या पंगतीत शेजारी बसलेल्याचे नाव-गाव न विचारता जेवावे आणि उठून खरकटी ताटे घासावीत. सरकारी कार्यक्रमांत फोटोला फुले वाहणाऱ्यांनी नानकांनी राज्यकर्त्यांना कोणते प्रश्न विचारले, हेही एकदा वाचावे. गुरूंचे चित्र कुणी काढावे आणि कुठे लावावे, यावर मतभेद राहतील आणि ते राहू द्यावेत. गुरूंच्या शब्दाप्रमाणे वागायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. कष्ट करावेत, वाटून खावे, नाम स्मरावे ही त्यांची शिकवण ज्याने अंगी बाणवली, त्याने गुरूचे खरे दर्शन घेतले आणि इतरांनाही घडवले.